आजोबांची .३१५ रायफल, चिरलेलं लाकूड आणि मक्यातली डुकरं

मका_दोन_एकर

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढला. सांभाळून घ्या.

गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात आजोबांची .३१५ बोअरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने खिट्टी (बोल्ट) मागेपुढे ओढायची ती, इशापूरच्या सरकारी कारखान्याची. त्यांनी १९६६ साली घेतलेली. आजोबा गेल्यावर लायसन वडिलांकडे आलं, वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर माझ्याकडे. आजोबांनंतर तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा, निकाल लागला की घरी. तेवढंच तिचं फिरणं.

यंदा परत आणली तर दस्ता डुगडुगत होता. एकाकडे दाखवली. त्याने दस्त्यामागची पितळी पट्टी काढली, आत हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घातला आणि जोर लावून फिरवला. 'कट्' असा आवाज आला. दस्ता घट्ट झाला खरा, पण नळीखालचं जे पुढचं लाकूड आहे ते मागच्या टोकाला, चापाच्या वर, दोन बोटं उभं चिरलं. तो म्हणतो लाकूडच जुनं झालंय, नवीन करा.

आता प्रश्न. एक, बांधावर आमचं सागवान आहे, त्याचं लाकूड चालेल का? दोन, मुळात हा खटाटोप करावा का? शिकार बंद. वडील म्हणतात, देऊन टाक सरकारला, नसती ब्याद. आणि तिकडे मक्यात रोज रात्री डुकरं लोळतात, तेव्हा ही कपाटात उभी असते. कशासाठी सांभाळतोय तेच कळेनासं झालंय.

भरीत_भाकरी

ओ भाऊ, डुकरेस्ले रायफलना फोटू दाखाडी दे, पयी जातीन.

शंकासुर

बंदूक, शिकार, शेतकरी आणि वनखातं. धागा शंभरी गाठणार. जागा धरून बसतो.

सेवानिवृत्त_लिपिक

आधी एक विचारतो, रागावू नका. ज्याच्याकडे दाखवली त्याच्याकडे लायसन होतं का? शस्त्र बाळगायला लागतं तसं दुरुस्त करायलाही लागतं. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. माझी नोकरीतली अकरा वर्षं याच टेबलावर गेली. 'साहेब, फक्त लाकूड बसवायला दिली होती' हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल! शस्त्र तुमच्या ताब्यातून बिनपरवाना माणसाच्या ताब्यात गेलं की फक्त लाकूड वगैरे काही उरत नाही. परवानाधारक विक्रेता-दुरुस्तीवाल्याकडेच जा, लायसन सोबत ठेवा, ठेवून यायची वेळ आली तर पावती घ्या.

बाकी तुमचं हस्तांतरण व्यवस्थित झालेलं दिसतंय. २०१६ च्या नियमांत वारसाला देण्याची सोय आहे. मालक वारल्यावर तर आहेच, पण तो सत्तरीचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तरीही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसनची मुदत तीनाची पाच वर्षं झालीय, हेही ध्यानात असू द्या.

मका_दोन_एकर

@लिपिक काका, खरं सांगायचं तर लायसनचं विचारलंच नाही. ओळखीतला होता. चूक झाली. सुदैवाने मी तिथून हललो नव्हतो, रायफल नजरेसमोरच होती.

आख_आणि_जू

लाकडाचं मी बोलतो. आमचे वडील बैलगाडीची चाकं करायचे. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला ठोकळा, बाभळीचा; वरची लोखंडी धाव चढवायची ती शेणाच्या गोवऱ्या पेटवून लाल करून. मी आता फैजपूरला फर्निचर करतो, म्हणजे प्लायवूड चिकटवतो असं म्हणा.

सागवान नको. सागवान दाराला, खिडकीला, पलंगाला. पाण्याने हलत नाही, वाळवी लागत नाही, सगळं मान्य. पण त्याची शीर सरळ असते आणि झटका बसला की तो शिरेवरच फाटतो. कुऱ्हाडीचा दांडा कधी सागाचा बघितलाय? आणि त्यात तेल असतं म्हणून चिकटवलेलं धरत नाही. वर पटाशीची धार अर्ध्या तासात जाते, साग हत्यार खातो. शिसव चालेल पण जड. बंदुकीला जगभर अक्रोड वापरतात ते उगाच नाही. हलका, चिवट, आणि पटाशीने कापताना जसा कापाल तसा राहतो, कडा ढासळत नाही.

पण माझा सल्ला विचाराल तर बदलूच नका. दोन बोटांची चीर ही चीर नव्हेच. जुनं लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळून बसलेलं आहे, त्याला आता हलायचं नाही. नवीन ओंडका घ्याल तर आमच्याकडच्या मे महिन्यात तो पुन्हा आक्रसणार.

अमळनेर_ते_मिलवॉकी

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

मी अमळनेरचा, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला. इथे मी स्वतः एक जुन्या ढंगाची बोल्ट ॲक्शन रायफल तयार करवली आणि तिच्यावर हरणाची शिकारही केली. 'तयार करवली' म्हणतो कारण लोखंडाचं काम माझं नाही. ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो ते लोखंड, जुन्या जर्मन लष्करी माउझर ९८ ची. तिला नवीन नळी बसवणं, काडतूस कोठीत किती घट्ट बसतं ते मापणं, हे इथल्या परवानाधारक गनस्मिथने केलं. तिथे केसभर चुकलं तर चेहऱ्यासमोर फुटायची गोष्ट, ती हौशी माणसाने करायची नाही. लाकूड मात्र माझं.

अक्रोडाचा ओंडका आणला. आता गंमत बघा. लोखंड लाकडात बसवायचं म्हणजे नुसता खड्डा कोरायचा नाही. लोखंडाला काजळीसारखा काळा लेप लावायचा, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथे काळं लागलं तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच खरवडायचं. परत लेप, परत दाब, परत खरवड. पहिल्या दिवशी काळा डाग फक्त डाव्या कडेला, शेंगदाण्याएवढा. तीन महिने दर शनिवार-रविवार तळघरात बसलो तेव्हा कुठे सगळीकडे सारखं काळं उमटायला लागलं. सगळ्यात महत्त्वाची जागा ॲक्शनच्या पोटाखाली जो ठोकळा असतो त्याच्या मागची. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का तो ठोकळा लाकडावर देतो. तिथे एका बाजूला जरी पोकळी राहिली तरी नेम भटकतो आणि पुढे लाकूडही फुटू शकतं. एकदा पटाशी घसरली आणि कडेचा टवका उडाला. तो भूसा आणि अराल्डाईटने भरलाय, अजून दिसतो.

काडतूस ७ बाय ५७, १८९२ सालचं. इंग्रज त्यालाच .२७५ रिग्बी म्हणायचे. जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये मिळालेली रिग्बी याच काडतुसाची आणि माउझरच्याच ॲक्शनची. लहानपणी जळगावला मामाकडे सुट्टीत त्याच्या गोष्टी वाचल्या होत्या, तिथूनच ते डोक्यात बसलं असावं.

शिकारीचं सांगतो. इथे बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरमध्ये, नऊ दिवसांचा. त्याआधी शिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करावा लागतो, १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा. अंगावर भडक केशरी किंवा गुलाबी कपडे, म्हणजे दुसऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये. पहिली दोन वर्षं मी नुसता झाडावर गारठलो, काही दिसलं नाही. तिसऱ्या वर्षी एक मादी ऐंशी यार्डांवर आली. बोल्ट मी आधीच पुढे सारून बसलो होतो. माझ्या कानात माझाच श्वास. एक गोळी. ती तीस पावलं गेली आणि बसली. मी मात्र पंधरा मिनिटं जागचा हललो नाही. हात कापत होते, थंडीने म्हणा की कशाने. नंतरचं काम, म्हणजे पोट फाडून आतडी काढणं, त्याबद्दल कुणी आधी नीट सांगत नाही. वाफा निघतात. तिथेच हातमोजे टाकून दिले आणि उघड्या हातांनी केलं, कारण मोज्यातून सुरी कुठे आहे ते कळत नव्हतं.

तुळशीची_माळ

अमळनेर, सखाराम महाराजांचं गाव. तिथला माणूस हरणाचं पोट फाडल्याचं वर्णन करतो आणि लोक चहा घेऊन वाचतात. मला हा प्रतिसाद वाचवला नाही. पोटासाठी मारणं एक, पण तीन महिने लाकूड घासून हौसेनं मारणं मला पटत नाही.

अमळनेर_ते_मिलवॉकी

ताई, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, आई अजून हेच म्हणते. दोनच गोष्टी. ते मांस आम्ही वर्षभर खाल्लं, विकत आणलेलं बंद केलं. आणि इथे रायफल आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे हरणं राखण्याचा खर्च बराचसा शिकारीच भरतो. ही पद्धत भारताला लागू होईल असं मी म्हणत नाही. तिथलं गणितच निराळं.

धडगावकर

गणित निराळं आहे म्हणालात म्हणून लिहितो.

आम्ही पावरा. माझा आजा हाक्याला जायचा. हाका म्हणजे काय ते इथे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. पहाटे साठ-सत्तर माणसं डोंगराच्या एका अंगाला उभी करायची, ढोल, डबे, आरोळ्या, आणि हळूहळू पुढे चालत जायचं. जनावर समोरून पळत मचाणाकडे जातं. मचाणावर साहेब. नंतर नंतर साहेबाच्या जागी सावकार, वकील, ठेकेदार. जखमी जनावर उलटलं तर कुणावर येणार? मचाणावर तर नाहीच. आजाच्या मांडीवर अस्वलाची खूण होती, ती तो आम्हाला बोट घालून बघायला द्यायचा. खूण कसली, खड्डाच होता.

अशा शिकारींचे जुने फोटो मी पाहिलेत. वाघ असतो, रायफल असते, बूट असतात. हाकारी नसतात. असले तर मागे, निम्मे कापलेले.

आजाकडे तीर-कामठा होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याच्यासाठी सशाचाही गुन्हा झाला. ज्यांनी वाघ मारले ते फोटो भिंतीवर लावून बसले. धागाकर्त्यांच्या आजोबांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ओळखत नाही. पण त्या रायफलीचा इतिहास लिहायला बसलात तर हाक्याला कोण कोण होतं तेही विचारा घरी.

जुनी_कागदं

@धडगावकर, फार नेमकं लिहिलंत. थोडी भर घालतो. खानदेशात हे सगळं कंपनी सरकारच्या काळापासून आहे. जेम्स औट्रमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगाव. तो भिल्लांना बरोबर घेऊन वाघाच्या शिकारी करायचा, आणि त्यातूनच त्यांचा विश्वास मिळवला असं इंग्रजी चरित्रकार कौतुकाने लिहितात. बंड मोडणं आणि वाघ मारणं एकाच माणसाच्या दिनक्रमात होतं. आज ज्या यावलच्या जंगलात वाघाचा ठसा दिसला की बातमी होते, त्याला अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं १९६९ मध्ये. म्हणजे धागाकर्त्यांच्या आजोबांनी रायफल घेतल्यानंतर तीनच वर्षांनी.

मका_दोन_एकर

@धडगावकर दादा, वडिलांना विचारलं. दोन नावं त्यांना आठवली, दोघेही शेजारच्या पाड्यावरचे. एकाचा नातू आमच्याकडेच कापूस वेचायला येतो. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

सुभेदार_साहेब

लष्करात अठ्ठावीस वर्षं काढली, त्याआधी एनसीसीत .३०३ ने खांदा निळा करून घेतलेला आहे. धागाकर्त्याच्या 'कट्' आवाजावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

इशापूरची .३१५ म्हणजे इंग्रजांच्या .३०३ लष्करी रायफलीची, ली-एनफिल्डचीच बहीण. इंग्रजांना भीती होती की लष्करी काडतूस चालेल अशी रायफल लोकांच्या हातात गेली तर बंडात वापरली जाईल. म्हणून .३०३ सामान्यांना बंद आणि त्यांच्यासाठी निराळं .३१५. आजही .३०३ मनाई बोअरमध्येच मोडते. ॲक्शन मात्र तीच.

आता नीट वाच. ली-एनफिल्डचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं. दस्ता धरणारा लांब बोल्ट आतून जातो आणि त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते पुढच्या लाकडाच्या मागच्या खाचेत अडकतं, म्हणजे बोल्ट धक्क्यांनी आपोआप सैल होत नाही. म्हणून नियम असा, की आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच दस्त्याच्या बोल्टला हात लावायचा. उलट केलंस तर ते चौकोनी टोक पाचरीसारखं फिरतं आणि लाकूड आतून फाडतं. तुझी चीर बरोबर त्याच जागी आहे. लाकूड जुनं झालेलं नाही, त्या माणसाने फाडलं. तुझ्या रायफलीत चौकोनी टोक आहे का ते उघडल्यावर बघ, मला शंका नाही.

आणि मिलवॉकीवाल्यांना एक सांगणं. माउझर देखणी, पण ली ती ली. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेमाने मारायचा, ते लीच्या हाताने ओढायच्या बोल्टच्या जोरावर, दस्त्याच्या बोल्टच्या नव्हे.

अमळनेर_ते_मिलवॉकी

सुभेदार साहेब, मान्य. ली चा बोल्ट लोण्यासारखा चालतो. पण लीच्या बोल्टचे कुलपाचे खुंटे मागे असतात, माउझरचे पुढे, काडतुसाच्या लगेच मागे. जोरदार काडतुसाला माउझरच भक्कम. शिवाय तिची ती लांब पकड मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड आधीच धरते, अर्धवट ओढलं तरी काडतूस सुटत नाही. लीची स्प्रिंग बोल्ट पुढे सारताना ताणली जाते, माउझरची बोल्ट उघडताना. सवयीचा भाग आहे.

भरीत_भाकरी

बुलेट भारी की राजदूत. चालू द्या.

वरणगाव_कॉलनी

खानदेशात रायफल-काडतुसांचा विषय आणि वरणगावचं नावच नाही? अख्खी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आमच्याकडे, १९६४ पासून. पण .३१५ नाही हो, इथला माल लष्कराचा. .३१५ च्या काडतुसाच्या बुडावर खडकी कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरं असतात, बघा तुमच्याकडच्या जुन्या पेटीत.

अवांतर : माझं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थाने मुलीकडे सांगितलं, 'मुलगा गोळ्या बनवतो, सरकारी कारखान्यात.' सासऱ्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, शुगरवर कोणती चांगली?

शंकासुर

😂😂 आणि काय सांगितलंत?

वरणगाव_कॉलनी

म्हटलं, आमची एकच गोळी, एकदाच घ्यायची.

केळीचा_घड

हसून झालं असेल तर डुकरांवर या. रावेर तालुका, केळी आणि मका. जुन्या साड्या बांधून झाल्या. फटाके झाले, पहिल्या रात्री पळाली, चौथ्या रात्री फटाक्याच्या उजेडात मका खात होती. न्हाव्याकडून केस आणून पसरले. बुजगावण्याला त्यांनी धक्का मारून पाडलं. मी परवानगीचा रीतसर अर्जही केला होता. परवानगी हातात आली तोवर मका निघून त्या जागी हरभरा उगवला होता.

माझं स्पष्ट मत : ज्याच्याकडे लायसन आहे त्याला स्वतःच्या वावरात डुक्कर मारू द्यावं. जंगलात जाऊन नाही, स्वतःच्या वावरात.

सेवानिवृत्त_लिपिक

मत ठीक आहे, पण आज कायदा काय आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून रात्री मक्यात जाऊन बसेल.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) आता दुसऱ्या अनुसूचीत. कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हातात नसेल तर शस्त्राचं लायसन असून उपयोग शून्य. उलट वन्यजीव गुन्हाही आणि लायसनही जातं. आणि परवानगीने मारलं तरी जनावर सरकारी मालमत्ता, कलम ३९. घरी न्यायचं नाही, खायचं नाही, सुळा काढून कपाटात ठेवायचा नाही.

गंमत म्हणजे शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी कोणतं हत्यार सांगितलंय माहीत आहे? ठासणीची बंदूक. कलम १३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

भरीत_भाकरी

म्हणजे डुक्कर मारलं तर फौजदारी. त्यापेक्षा फौजदारी डाळ करा, वर बट्ट्या मोडा, आणि झोपा.

सुभेदार_साहेब

@केळीचा_घड, कायदा क्षणभर बाजूला ठेव. .३१५ ची गोळी चुकली तर दीड-दोन किलोमीटर सहज जाते. तापीकाठची जमीन ताटासारखी सपाट, गोळी अडवायला मागे टेकडी नाही. आणि रात्री वावरात कोण असतं? शेजारी पाण्याची बारी धरायला आलेला. दिवसा वीज नाही म्हणून रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन फिरतोय. मक्यात सळसळ झाली म्हणून बोल्ट ओढशील आणि तो तुझा चुलतभाऊ निघेल. मला विचारशील तर मक्यात रायफल नकोच.

केळीचा_घड

... हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे डीपीवर रात्रपाळीच आहे सध्या.

आणि मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याला माझी आत्या आहे, त्यांच्या केळीत वाघीण राहते. आत्या म्हणते आमच्याकडे डुकरांचा त्रास नाही, फक्त पाणी भरायला कुणी जात नाही.

आख_आणि_जू

मूळ प्रश्नावर येतो. सुभेदार साहेबांचं निदान बरोबर असेल तर काम सोपं आहे. चिकटवण्याआधी जुन्या लाकडातलं तेल काढायला पाहिजे, नाहीतर अराल्डाईट धरणार नाही. चिरेत थिनर सोडा, वर खडूची भुकटी थापा, ती तेल ओढते आणि पिवळी पडते. झटका, परत थापा. पांढरी राहायला लागली की झालं. मग अराल्डाईट चिरेत ढकलायचं, सुतळीने आवळून दोन दिवस ठेवायचं. हे सगळं लाकूड सुटं असताना करता येतं, पण सोडवायला आणि परत बसवायला परवानावालाच गाठा.

वरून जवसाचं तेल. घाण्याचं कच्चं तेल वापरलंत तर आठवडाभर चिकट राहील, उकळलेलं घ्या, रंगाच्या दुकानात मिळतं. थेंब-थेंब, तळहाताने, तळहात गरम होईपर्यंत.

अमळनेर_ते_मिलवॉकी

याला जोडून एक धोक्याची सूचना. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती ऊब कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. खरंच घेतं. तुमच्याकडे तर मे महिन्यात पंचेचाळीस अंश. दोरीवर पसरून वाळवा.

मका_दोन_एकर

अवांतर विचारतो. आजोबा गोळी मारून आले की पहिलं काम, नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे. आजी चहाचं आधण काढून त्यांना द्यायची आणि बडबडायची. लोखंडात पाणी कशाला?

सुभेदार_साहेब

शहाणा माणूस होता तुझा आजोबा. जुन्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असायचा तो जळून मागे मीठ राहायचं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि दोन रात्रींत नळी गंजते. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी उकळतं पाणी, म्हणजे नळी तापून आपोआप कोरडी पण होते. मग चिंधी, मग तेल.

मका_दोन_एकर

उशिरा कळवतोय, सोयाबीन काढणीत अडकलो होतो.

परवानाधारक दुकानात गेलो, दुसऱ्या जिल्ह्यात. दिवसभर तिथेच स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी आधी पुढचं लाकूड उतरवलं. सुभेदार साहेब, दस्त्याच्या बोल्टचं टोक चौकोनी निघालं. लाकडातल्या खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांवर त्याचा ताजा ओरखडा होता, नखाने लागत होता. लाकूड ठणठणीत आहे म्हणाले. लाकडं दोन्ही सुटी करून माझ्या हातात दिली, लोखंड त्यांनी पावतीवर ठेवून घेतलं.

घरी खडूची भुकटी चार वेळा थापली. चौथ्यांदा पांढरी राहिली. अराल्डाईट, सुतळी, दोन दिवस. मग तेल. वडील, जे सरकारला देऊन टाक म्हणत होते, ते खाटेवरून सूचना देत होते : 'जास्त ओतू नको, भजी तळायची नाहीत.' काल परत बसवून आणली. चीर दिसते, केसाएवढी. सागवान बांधावरच आहे.

परत द्यायची की ठेवायची, ते अजून ठरलेलं नाही. आता नगरपालिकेची निवडणूक म्हणतायत, म्हणजे बहुतेक जमाच करावी लागेल.

केळीचा_घड

आणि डुकरं?

मका_दोन_एकर

झटका मशीन घेतलं, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं, सोलरचं. तिन्ही बाजूंनी तार ओढली. चौथ्या बाजूला नाला आहे, तिकडून कोण येणार म्हणून सोडली होती.

भरीत_भाकरी

नालाकडथीन उनात ना?

मका_दोन_एकर

पहिल्याच रात्री. पिल्लं घेऊन.